हो सोडून सगळं

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. भाजीवाल्याकडे गेलो की भाजीपेक्षा त्याच्या काट्याकडे जास्त बघतो. एसटीवर बीडची पाटी असली तरी चढण्याआधी कंडक्टरला विचारतो. बीडमध्ये नगर नाक्याजवळ माझा टायपिंगचा क्लास आहे. टाइपरायटर गेले, संगणक आले, माझा स्वभाव मात्र होता तिथेच राहिला. त्यामुळे क्लासच्या वरचा हॉल दर रविवारी द्याल का, असं काही पोरांनी येऊन विचारलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कोणता पक्ष?"

पक्ष नव्हता. ही कॉम्प्युटरवाली पोरं होती. कुणी पुण्याच्या कंपनीचं काम बीडमध्ये घरी बसून करायचं, कुणी दुकानदारांना ॲप बनवून द्यायचं, कुणी नुसतंच बनवणार होतं. लॉकडाऊनमध्ये गावी आली आणि परत गेलीच नाहीत. एकमेकांचं बघून शिकायचं, अडलं तर विचारायचं, असा त्यांचा बेत. त्यांनी जिन्यात पाटी लावली, 'बीड टेक कट्टा'. खालचा चहावाला शहादेव ती वाचून म्हणाला, "सर, टेकायचा कट्टा व्हय? मंग खुर्च्या कावून मागवल्या?"

मला वाटलं, महिनाभर टेकतील आणि उठतील. पण खुर्च्या कमी पडायला लागल्या. आणि गर्दी जमली की आमच्याकडे पुढाऱ्याला वास लागतोच. गेवराईकडचे विठ्ठलराव म्हणून एक वजनदार पुढारी आहेत, त्यांचा मुलगा विजयसिंह कट्ट्यावर येऊ लागला. सगळे त्याला भैया म्हणायचे. त्यानं प्रोजेक्टर आणला, रेकॉर्डिंग साठवायला मोठं मशीन आणलं, ते ठेवलं मात्र स्वतःच्या ऑफिसात. मला ते तेव्हाच खटकलं होतं. फुकट मिळालेल्या वस्तूची दोरी देणाऱ्याच्या हातात असते, असं मी बोललोही. पोरं म्हणाली, सर, तुम्हाला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

या कट्ट्यावर दाराजवळच्या खुर्चीत एक मुलगी बसायची. तिचं नाव संगीता. ही गोष्ट तिची आहे.

संगीताला मी आधीपासून ओळखत होतो. दहावीच्या सुट्टीत ती माझ्याकडे टायपिंग शिकली होती. तिचं घर लिंबागणेशच्या पुढं, डोंगराच्या कडेच्या वस्तीवर. वडील आसाराम मेंढरं राखतात. लहानपणी ती कळपामागं फिरली, मेंढरं जिथं थांबतील तिथल्या शाळेत बसली. मग आई चतुराबाई हट्टानं वस्तीवर थांबली, म्हणून एका शाळेत तिचं नाव टिकलं. हुशार होती, पण विचारलेल्याचं सरळ उत्तर देईल तर शपथ. "धडा झाला का?" म्हटलं की म्हणायची, "तर काय, सर." "घरी सराव केला का?" तर म्हणायची, "मंग?" मला वाटायचं, पोरगी काहीतरी लपवते. तपासावं तर धडा झालेला असायचा.

पुढं ती इंजिनीअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. तिथं माणसाचं बोलणं ऐकून उत्तर देणारी यंत्रं बनवायचं काम होतं. एकदा सुट्टीत तिनं तसला एक नंबर वडिलांना लावून दिला. आसाराम फोन कानाला लावतो, पण फोनवर बोलत नाही. ऐकून घेतो आणि उत्तर द्यायला फोन चतुराबाईकडे देतो. चतुराबाई बोलली, तर त्या यंत्राला काही म्हणता काही कळलं नाही. "लई शिकलेलं दिसतंय," असं म्हणून तिनं फोन ठेवला. संगीताच्या ते मनाला लागलं. त्यानंतर ती पुणं सोडून आली ती याच कामासाठी.

काम असं होतं. डोंगरात मेंढरू आजारी पडलं तर राखणदारानं साध्या फोनवरून एक नंबर लावायचा आणि आपल्या बोलीत काय झालंय ते सांगायचं. यंत्र दोन-चार प्रश्न विचारणार, काय करायचं ते सांगणार आणि जनावरांच्या डॉक्टरला निरोप पोचवणार. त्यासाठी यंत्राला आपल्या माणसांचं बोलणं शिकवायला हवं. आणि शिकवायला आधी आवाज हवेत, पुष्कळ माणसांचे.

संगीता स्कूटीवरून आवाज गोळा करत फिरली. नातेवाइकांच्या वस्त्या, लिंबागणेश, पार उमापूरपर्यंत. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर कळपवाले चहाला थांबतात, तिथंही. मी मनात म्हटलं, हिला कुणी उभं करणार नाही. फोनवर बोललं की खातं रिकामं होतं, अंगठा दिला की जमीन जाते, असल्या गोष्टी आमच्याकडे रोज ऐकायला मिळतात. त्यात ही आवाज मागतेय. पण झालं उलटंच. लोक बोलले, खुशाल बोलले. मेंढराच्या दुखण्याबद्दल बोलले, पावसाला शिव्या दिल्या, सुनेची गाऱ्हाणी सांगितली. परत येऊन ती रेकॉर्डिंगं विजयसिंहाच्या मशीनवर चढवायची, आनंदानं सगळं सांगायची आणि मी ऐकता ऐकता विचारात पडायचो. आपली माणसं इतकी सहज बोलतात? माझा यावर विश्वास बसेना.

मग तो रविवार आला. यंत्र तयार झालं होतं आणि कट्ट्यावर सगळ्यांसमोर चालवून दाखवायचं होतं. हॉल भरला. फोन कोण लावणार, तर विजयसिंह पुढे झाला. "मी होतो मेंढपाळ," म्हणाला आणि कुणाचं तरी उपरणं डोक्याला गुंडाळलं. टाळ्या पडल्या.

यंत्रानं विचारलं, "मेंढरू चरतंय का?"

"न्हाई," विजयसिंह आवाज खरखरीत करून म्हणाला.

"बरं. चरत न्हाई," यंत्र म्हणालं. मागच्या पडद्यावर शब्द उमटले. पुन्हा टाळ्या.

"तोंडातून लाळ गळतीय का?"

"व्हय."

"समजलं न्हाई. पुन्हा सांगा."

"व्हय बे!"

"समजलं न्हाई. पुन्हा सांगा."

विजयसिंहानं "हो" म्हणून पाहिलं, "हां" म्हणून पाहिलं, "हाव" म्हणून पाहिलं. शेवटी तो उपरणं घसरेपर्यंत ओरडला आणि यंत्र शांतपणे म्हणालं, "समजलं न्हाई." हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. संगीता धावत आली, तिनं फोन हातात घेतला आणि हळूच म्हणाली, "तर काय."

"बरं. लाळ गळतीय," यंत्र म्हणालं.

लोक आणखी हसले. विजयसिंह हसला नाही. त्यानं उपरणं काढलं, खुर्चीवर टाकलं आणि म्हणाला, "सगळी रेकॉर्डिंगं लावा."

कट्ट्यातली पोरं लॅपटॉप घेऊन बसली. इतक्या माणसांच्या बोलण्यात त्यांनी 'हो' शोधला. 'व्हय' शोधला. 'हां' आणि 'हाव' शोधले. एकही सापडला नाही. 'न्हाई' पोत्यानं होते. हो एकही नाही. 

"मला एक सांगा," विजयसिंह म्हणाला, "गावाकडची एवढी माणसं तासन्‌तास बोलतात आणि एकदाही हो म्हणत न्हाईत? व्हऊ शकतं का असं? कुणीतरी हो कापून नेलेत. बाजारात आज लोकांच्या 'हो'ला गिऱ्हाईक हाय. दुसऱ्याच्या आवाजात हो म्हणून बँकेला फसवत्यात, पेपरात येतंय रोज." मग त्यानं संगीताकडे बघितलं. "मशीनवर चढवायच्या आधी आवाज कुणाकडं होते? तुझ्याकडं."

संगीताचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मी काई कापलं न्हाई. मला तर कमी हाय हेच कळलं न्हाई."

"पुढच्या रविवारपर्यंत सांग हो कुठं गेले. न्हाईतर आमच्या मशीनमधलं सगळं माझं ऑफिस ताब्यात घेईल, तपासायला. आणि त्या वस्त्यांवर आमची माणसं जाऊन सांगतील, की तुमचे आवाज कुणी इकले."

इकडे तिची अब्रू आणि तिकडे शेकडो माणसांचे आवाज, दोन्ही त्या एका शब्दावर लटकले. मला राग आला, दोघांचाही. विजयसिंहाला मेंढपाळांचे आवाज कशाला हवेत, हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. निवडणुका काही लांब नव्हत्या. पण खरं सांगायचं तर संगीताबद्दलही मनात पाल चुकचुकली. रोज ते बोलणं ऐकणाऱ्या मुलीला त्यात हो नाही हे कळू नये? मी तिला जिन्यात गाठून सरळ विचारलं, "कापलेस का?"

तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "सर, उद्या माझ्यासंग वस्तीवर चला. तुमच्याच डोळ्यांनी बघा."

गेलो. तिच्या स्कूटीवर मागं बसून, एका हातानं टोपी धरून. वाटेत भेटेल त्या राखणदाराला ती थांबवायची आणि काहीतरी विचारायची. मी नीट कान देऊन होतो. "काका, पाणी हाय का तळ्यात?" तर तो म्हणाला, "नसंल का?" पुढचा म्हणाला, "मंग काय तर." एका बाईला तिनं विचारलं, "मावशी, वळखलं का मला?" मावशी म्हणाली, "आगं, न वळखायला काय झालं!" सगळे हसून बोलत होते, पाणी विचारत होते, आणि एकाच्याही तोंडून हो निघत नव्हता. जणू ठरवून. मी तिच्या कानाशी ओरडलो, "हे सगळे मिळालेले आहेत."  स्कूटीचा वेग वाढला, त्यावरून तिलाही ते कळलं असावं. घरातलंच बोलणं ते, तिच्या वडिलांचं. त्यात काही कमी आहे, हे तिच्या कानाला आजवर जाणवलं नव्हतं.

दुपारची वेळ. मेंढरं बाभळीखाली माना खाली घालून दाटीनं उभी होती आणि आसाराम जवळच घोंगडीवर बसला होता. उंच, वाळकुडा माणूस. मला रामराम केला. चतुराबाईनं चहाचं आधण ठेवलं. संगीता वडिलांच्या समोर उकिडवी बसली.

"आप्पा, मी आवाज आणायला जायच्या आधी तुमी लोकांला निरोप धाडलता का?"

आसारामनं मेंढरांकडे बघितलं. मग म्हणाला, "तर काय."

"काय सांगितलं?"

"सांगितलं, पोरगी माजी हाय, तिच्यासंग मोकळं बोला. तिचं काम व्हऊ द्या. फकस्त हो म्हनू नका. हो सोडून सगळं बोला."

संगीता उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला. "कावून आप्पा? भरल्या हॉलात मला चोर म्हनले! मी तुमच्यासाठी पुनं सोडून आले आन् तुमीच माज्यावर इस्वास ठिवला न्हाई?"

"तुज्यावर हाय गं. डबड्यावर न्हाई."

चहा झाला तरी तो काही सांगेना. शेवटी चतुराबाईच चुलीजवळून म्हणाली, "आता सांगा की. किती दिस गिळून बसताव?"

मग त्यानं सांगितलं, मेंढरांकडेच बघत. संगीताची बारावी झाली त्या उन्हाळ्यात तिच्यासाठी स्थळ आलं होतं. आसारामची एकुलती बहीण मुक्ताबाई, तिच्याच दिराचा मुलगा. पाहुण्यांचा फोन आला, पोरगी देता का म्हणून. आसारामनं फोनवर हो दिला. घरचंच स्थळ, बहिणीच्या नजरेसमोर राहील, नाही म्हणायला काही कारण नव्हतं. आणि मग संगीताला कॉलेज लागल्याचा कागद आला. तो घेऊन ती मेंढरांतून उड्या मारत आली होती. ते बघून त्याचं मन फिरलं. पाहुण्यांना म्हणाला, पोरीला शिकू द्या, आता लग्न नको.

"त्येंनी त्यो फोन भरून ठिवलता," आसाराम म्हणाला. "भावकी बसवली आन् सगळ्यांम्होरं लावला. माजाच आवाज. हो, दिली म्हना पोरगी. मी न्हाई म्हनावं तर लोक हसाय लागले. म्हनले, ह्यो बोलतोय त्यो खरा का डबड्यातला खरा? मुक्तीला सासरी लई बोल लागले. तिनं म्हायेर सोडलं ते सोडलंच. तवापास्नं मी फोनवर बोलत न्हाई."

संगीताला आजवर वाटत होतं, की आत्याचं आणि वडिलांचं मेंढरांच्या वाटणीवरून बिनसलं. तिला त्या स्थळाचा पत्ताही नव्हता. ती खाली बसली आणि रडली. लहान मुलीसारखं नाही, मोठ्या माणसासारखं, आवाज न करता.  आसाराम तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "तू कावून रडतीस? तू न्हाई दिलता हो. मी दिलता."

परतताना ती एकच वाक्य बोलली. "सर, न्हाई म्हनलं तर परत हो म्हनता येतं. हो म्हनलेला मात्र मागं घेता येत न्हाई, ह्येच चुकतंय."

पुढच्या रविवारी ती कट्ट्यावर उभी राहिली. घरचं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "हो कुणी कापले न्हाईत. लोकांनी दिलेच न्हाईत. भ्यालेत. आन् भ्यायला कारण हाय." मग म्हणाली, की ज्यांनी आवाज दिलाय त्या प्रत्येकाला ती पुन्हा जाऊन विचारणार, ठेवू का पुसू. पूस म्हणाले तर पुसणार. आणि यंत्रही प्रत्येक फोनच्या शेवटी तेच विचारणार.

"मंग राहील काय?" विजयसिंह म्हणाला. "त्यापेक्षा सगळं आमच्याकडं द्या. आमची माणसं जातील, हो घेऊन येतील."

पुढाऱ्याच्या माणसांना हो कसा मिळतो, हे बीडमध्ये कुणाला सांगावं लागत नाही. मी मागच्या खुर्चीवरून उठलो आणि म्हटलं, "मशीन माझ्या क्लासमध्ये आणून ठेवा, आमच्या पोरांसमोर." कट्ट्यातली पोरं, जी मला संशयी म्हणून हसायची, ती माझ्याआधी जिन्यात पोचली. सगळ्यांसमोर विजयसिंहाला नाही म्हणता आलं नाही आणि त्याच्या ऑफिसातून मशीन आलं. विजयसिंहानं जाताना प्रोजेक्टर तेवढा परत नेला. ऑफिसात त्यानं काही उतरवून ठेवलं नसेल, अशी माझी समजूत अजूनही नाही.

संगीता पुन्हा वस्त्या फिरली. काहींनी पूस म्हटलं, तिनं त्यांच्यासमोर पुसलं. बरेच जण म्हणाले, असू दे. आसारामनं या वेळी दुसरा निरोप धाडला होता, की आता हो म्हटलं तरी चालंल, पुसता येतो म्हनतीय पोरगी. लोकांनी आधी दबकत, मग खुलून 'व्हय' दिला. यंत्र तो शिकलं.

एका सकाळी ती माझ्या क्लासमध्ये यंत्र तपासत बसली होती. मी शेजारी, अर्थातच लक्ष ठेवून. फोन आला आणि तिचा हात थांबला. नंबर आसारामचा होता.

"मेंढरू चरतंय का?"

"न्हाई." त्याचाच आवाज, चतुराबाईचा नाही.

"तोंडातून लाळ गळतीय का?"

पलीकडे मेंढराच्या गळ्यातली घंटा वाजली. मग आवाज आला, "व्हय."

यंत्राला कळलं. काय करायचं ते त्यानं सांगितलं, डॉक्टरला निरोप दिला आणि शेवटी विचारलं, "तुमचं बोलणं ठेवू का?"

"न्हाई," आसाराम लगेच म्हणाला.

"बरं. पुसलं." संगणकाच्या पडद्यावरचे त्याचे शब्द गेले. मी वाकून पाहिलं. काही नव्हतं.

दुसऱ्याच क्षणी संगीताचा मोबाईल वाजला. तिनं तो माझ्याही कानावर पडेल असा धरला.

"संगे, खरंच गेला का गं त्यो?"

"हो आप्पा, गेला."

मी चमकून तिच्याकडे बघितलं. तिच्या तोंडून इतका स्वच्छ हो मी टायपिंगच्या दिवसांपासून आजवर ऐकला नव्हता. पलीकडे पुन्हा घंटा वाजली. मग आसारामनं हळूच विचारलं, "आन् त्यो जुना? त्यो बी गेला का?"

संगीतानं डोळे मिटले. तो जुना हो तिच्या यंत्रात कधीच नव्हता. तो कुणाकुणाच्या फोनमध्ये होता आणि तिथं तिचा हात पोचणार नव्हता.

"तर काय, आप्पा," ती म्हणाली.

त्यात हो नव्हता. मला ते कळलं, आणि ज्यानं ही युक्ती सगळ्या डोंगराला शिकवली त्याला तर कळलंच असणार. फोनमध्ये मेंढरं ओरडत होती.

"बरं," आसाराम म्हणाला. "ठिव मंग."